येतो म्हणायचं नाही

मामा गल्लीत शिरण्याआधी खाकरायचे. गावाकडे जुनी माणसं घरात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याबाहेर खाकरतात, आत बायका बसल्या असतील तर त्यांना सावरून बसायला वेळ मिळावा म्हणून, तसं. फरक एवढाच की मामांच्या गल्लीत कधीच कोणी बसलेलं नसायचं. तिथे दोन्ही बाजूंना छपरापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या होत्या, मधे जमिनीवर एकच रूळ, आणि त्या रुळावर उभी असलेली, मांडणीइतकीच उंच क्रेन. संगणकाने हुकूम सोडला की ती धावत जायची, हव्या त्या खणातून माल रचलेला लाकडी पाट, म्हणजे पॅलेट, काढायची आणि गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवायची. वाळूजच्या आमच्या कारखान्यात या सगळ्या प्रकाराला ऑटो स्टोअर म्हणत. अशा चार-सहा गल्ल्या शेजारी शेजारी. माणसाचं तिथे काम नव्हतं आणि माणूस नाही म्हणून दिवाही नव्हता. त्या अंधाराकडे तोंड करून मामा खाकरायचे, क्षणभर थांबायचे आणि मग टॉर्च पेटवायचे.

"मामा, कोणाला ऐकू जातंय ते?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"मला," ते म्हणाले. "माझा आवाज मला ऐकू आला म्हंजे मी जागा हाये. झोपेत आत जायची जागा नाय ही."

मी हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

मी नुकतीच इंजिनिअर होऊन देखभाल विभागात लागले होते. घर उस्मानपुऱ्यात. वडील बँकेत, आजोबा शाळेत, पणजोबा भिक्षुकी करायचे; घरात पान्हा हातात धरलेली मी पहिलीच. मामा स्टोअरचे पहिल्या पाळीचे सुपरवायझर. राहायला औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानामागच्या बोळात; शेत खुलताबादकडे, तिथे सीताफळाची झाडं आणि भाऊ. पन्नाशी उलटलेली, अंगाने शिडशिडीत. हेल्मेटचा पट्टा इतका घट्ट आवळायचे की हनुवटीखाली कायमचा वळ पडला होता. वॉचमनपासून प्लांटच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यामुळे खऱ्या नावावाचून कोणाचं काही अडलं नाही.

मामा भित्रे होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, त्यांनीही कधी झाकलं नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. मुलीचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता, तिथे ते धापा टाकत जिन्याने जायचे आणि पोचल्यावर आधी पाणी मागायचे. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापुढे उभे राहून त्यांनी बायकोला सांगितलं होतं, तू जाऊन ये, मी इथं पिशव्या सांभाळतो. तेव्हा हातात पिशव्याच नव्हत्या. पण शेतात निघालेला साप काठीवर उचलून बांधापलीकडे सोडून यायचे, आणि मारक्या बैलाला वेसण घालायला भाऊ मुद्दाम त्यांनाच बोलवायचा. मी एकदा विचारलं, सापाला भीत नाही आणि लिफ्टला भिता, हे काय?

"साप दमतो, पोरी. बैल दमतो. आपल्याला लई राग आला तरी हात दुखायला लागला की आपण थांबतो," मामा म्हणाले. "जे दमत नाय, त्याला भ्यावं. त्याला थांबायचं कारणच नसतं."

आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा जुन्या शहरातला होता. तो ऐकत उभा होता. म्हणाला, "मामा, तुमकु देख के मेरेकु बी डर लगने लगा."

"लगनाच पाहिजे," मामा म्हणाले आणि कामाला लागले.

क्रेनला ते 'जावई' म्हणायचे. जावई आले, जावई रुसले, जावयाला वेळेवर वाढा. सगळे हसायचे, पण मामा विनोद करत नव्हते. जावयाच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि तो आपला आहे असं कधीही समजायचं नाही, एवढं त्यांनी त्या एका शब्दात भरलेलं होतं.

मला पहिल्यांदा आत त्यांनीच नेलं. आत जायची पद्धत ठरलेली होती. गल्लीच्या तोंडाशी क्रेनचा मुख्य स्विच. तो बंद करायचा आणि त्याच्यावर स्वतःचं लाल कुलूप लावायचं. कुलपावर आपलं नाव, किल्ली आपल्या खिशात. ते कुलूप आपण बाहेर येऊन आपल्या हाताने काढेपर्यंत क्रेन चालू होऊ शकत नाही. सगळ्या जगात असंच करतात. पण मामांनी त्याच्यावर आपली भर घातली होती. आत जाणाऱ्याने मोठ्याने 'आत' म्हणायचं, बाहेरच्याने 'आत' म्हणून उलट म्हणायचं. बाहेर आल्यावर 'बाहेर'. आत असताना वॉकीटॉकीवर बोलत राहायचं, बोलायला काही नसलं तरी.

आत शिरलो. टॉर्चचा उजेड थोडा पुढे जाऊन संपत होता. मांडणी आणि रूळ यांच्यात एक माणूस तिरका चालेल एवढीच जागा. शेजारच्या गल्लीतली क्रेन चालू होती, ती दिसत नव्हती, पण ती जवळून गेली की आमच्या बाजूचं लोखंड थरथरायचं आणि हाताला कळायचं. मी चालता चालता थांबले. कुलूप बाहेर आहे, किल्ली खिशात आहे, मीच चाचपून पाहिली आहे, तरी पाय उचलेना.

"मामा, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," अंधारातून आवाज आला. "ज्या दिवशी नाय वाटणार त्या दिवशी मला येऊन सांग. त्या दिवसापासून तुला आत सोडायचं बंद करतो."

आता येतो तो 'येतो'. स्टोअरमध्ये मामांनी निघताना 'येतो' म्हणायला बंदी केली होती.

आपल्याकडे घरातून बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' अशुभ. कोणी चुकून म्हणालाच तर घरचे 'येतो म्हणावं' असं दटावतात. मामांचं म्हणणं, घरी ठीक आहे, पण जिथे माणूस आत आहे की बाहेर यावर त्याचा जीव आहे, तिथे हा शब्द घातकी. कोणी वॉकीटॉकीवर 'येतो' म्हणाला तर काय समजायचं? तो बाहेर येतोय, की आत निघालाय, की घरी चालला? म्हणून नियम असा: गल्लीतून बाहेर येत असेल त्यानेच 'येतो' म्हणायचं. घरी जाणाऱ्याने सरळ 'जातो' म्हणायचं.

नियम साधा होता आणि कोणालाच पाळता येत नव्हता. फिटर लोक तर चिडायचे. "मामा, सणासुदीचं तोंडातून जातो काढायला लावता व्हय?" पाळी सुटताना मामा स्टोअरच्या दाराशी उभे राहायचे आणि एकेकाला अडवायचे. "येतो मामा." "कुठून येतो? तू तर बाहेरच हायेस. जातो म्हण." तो बिचारा जीभ चावत, इकडेतिकडे बघत, हळूच 'जातो' पुटपुटायचा आणि दाराबाहेर पडल्यावर 'येतो, येतो, येतो' म्हणून घ्यायचा. दुसऱ्या पाळीचे लोक मामांना जुमानत नसत. त्यांचा सुपरवायझर तरुण होता, मनाने चांगला होता, पण या नियमाची तो टिंगल करायचा. मामांसमोर 'जातो' आणि मामांची पाठ फिरली की 'येतो'.

मला मात्र सवय लागली. एकदा सकाळी आईला दारातून 'जाते गं' म्हणाले. आई लाटणं हातात घेऊन जिन्यापर्यंत धावत आली. परत वर बोलावलं, पाण्याचा घोट दिला, 'येते' म्हणवून घेतलं, तेव्हा सोडलं. त्यात माझी बस चुकली.

कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना बोलवायचे, तेव्हा मामांची बायको भेटली. ठसठशीत कुंकू, पायात नवी चप्पल, डोळ्यांत काळजी. आम्ही तिला काकू म्हटलं. पोह्यांची बशी हातात धरून ती मला बाजूला घेऊन गेली.

"पोरी, तूच सांग बाई यांना. रोज सकाळी दारातून जातो म्हणून निघत्यात. म्हंत्यात, सवय मोडली तर तिकडं तोंडातून चुकीचं निघंल. माझ्या जीवाला दिवसभर घोर लागतो. मग मी काय करते, यांनी जातो म्हटलं की मागून दारातून म्हणते, या. यांना ऐकू जावो न जावो."

मी मामांना ते सांगितलं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडून पुन्हा आवळला. मग म्हणाले, "ऐकू येतं मला. रोज येतं." आणि तिथून उठून गेले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. सगळा प्लांट झेंडूने मढवतात. त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या मनात आलं की क्रेनला हार घालून, नारळ फोडून, सगळ्यांच्या टाळ्यांत ती सुरू करायची आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. सगळे गल्लीच्या तोंडाशी जमले. साहेबांची बायको आरतीचं ताट घेऊन आत दोन पावलं गेली, हळदीकुंकू वाहिलं, मागे आली. कॅमेरेवाला तयार. आणि मामांनी स्विचवर स्वतःचं कुलूप लावलेलं, किल्ली खिशात.

"मामा, चालू करा."

"एकेकानं बाहेर म्हणा," मामा म्हणाले.

"अहो मामा, सगळे समोर तर दिसताहेत."

"दिसणारे दिसत्यात. न दिसणारा दिसतो का?"

शेवटी साहेबांनी 'बाहेर' म्हटलं, त्यांच्या बायकोने लाजत 'बाहेर' म्हटलं, कॅमेरेवाल्यानेही म्हटलं. गुरुजींना मामांनी दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा ते मंत्राच्या नादात पुटपुटले होते. मग कुलूप निघालं. क्रेन हारासकट सुसाट आत गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मामांकडे बघत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. ते हाताचे पंजे पँटला पुसत होते.

असा माणूस बघितला की वाटतं, याने कधीतरी काहीतरी भयंकर पाहिलं असणार. मलाही वाटायचं. आधीच्या कारखान्यात कोणी त्यांच्या डोळ्यांदेखत सापडला, असं कोणी सांगायचं. भावाचा हात मळणीयंत्रात गेला, असं कोणी. भावाला मी पुढे भेटले, त्याचे दोन्ही हात धडधाकट होते. मामांना मी सरळच विचारलं.

"काहीच नाय झालेलं," ते म्हणाले. "झाल्यावर सगळेच भितात. व्हायच्या आधी भ्यायला काही खर्च येतो का?"

एवढंच. मागे काही गुपित नव्हतं. त्या दिवशी मला मामांची पहिल्यांदा खरी भीती वाटली. कारण घडलेल्या गोष्टीची भीती कधीतरी ओसरते. न घडलेल्या गोष्टीची कशी ओसरणार? त्यांच्या शेजारी बसून डबा खाताना मला वाटायचं, हा माणूस रोज सकाळी उठून, आंघोळ करून, त्याच गोष्टीकडे बसने येतो.

त्यानंतर एका दुपारी जे घडलं ते मी शेवटी सांगणार आहे. त्याच्या नंतरचं आधी सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. चौकशी झाली. बाहेरून सुरक्षेचे लोक आले, काचेच्या खोलीत एकेकाला बोलावून विचारलं. मामांना विचारलं, हा येतो-जातोचा नियम कोणाचा? बाकी कोणाचंही नाव घेता आलं असतं. कुलूप कापायला सांगणारे साहेब होते, कापणारे हात होते. मामा म्हणाले, "नियम माझा. मी एका शब्दाचा अर्थ बदलला आणि निम्म्या माणसांना जुनाच ठाऊक होता. दोष तिथंच हाये." त्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढे बोर्ड लागला की वॉकीटॉकीवर 'आत' आणि 'बाहेर' याशिवाय शब्द वापरू नये, आणि कुलूप कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून कापू नये. मामांनी स्टोअरमधून बदली मागितली. काही दिवस गेटवर बसले, मग स्वेच्छेने निवृत्त होऊन खुलताबादला गेले. मी भेटायला गेले तेव्हा झाडांना आळी करत होते. खूप बोलले, भावाबद्दल, माकडं सीताफळं पळवतात त्याबद्दल. कारखान्याचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

आता ती दुपार.

पाळी सुटायची वेळ होत आली होती. शेवटच्या गल्लीतली क्रेन मधेच अडली. असं अधूनमधून व्हायचं. पॅलेटवर गुंडाळलेलं प्लास्टिक सुटतं, लोंबतं, क्रेनच्या सेन्सरसमोर येतं; तिला वाटतं माल खणाबाहेर सरकलाय आणि ती थांबते. तिला बटणं दाबून मागे, गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवायचं आणि कोणीतरी आत जाऊन ते प्लास्टिक कापायचं. काम माझं होतं. मी स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मोबाइल आत न्यायची परवानगी नव्हती, तो लॉकरमध्ये. क्रेनच्या पायावरून चढून पलीकडे उतरले.

"आत."

"आत," मामा म्हणाले.

पॅलेट अगदी गल्लीच्या टोकाला होतं. मी तिथे पोचले तोवर बाहेर दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आला. मामांनी त्याला कुलूप दाखवलं. "पोरगी आत हाये. बाहेर आल्याबिगर हात लावू नका."

"बघितलं मामा. मी आहे ना इथं. जा तुम्ही, बस सुटेल."

मामा गेले. सुपरवायझर कोपऱ्याआडच्या डेस्कवर जाऊन बसला. यात कोणाचं काही चुकलेलं नव्हतं.

मी प्लास्टिक कापलं. वॉकीटॉकीचं बटण दाबून म्हणाले, "काम झालं, येते." मामांच्या नियमाप्रमाणे त्याचा एकच अर्थ होता: मी गल्लीतून बाहेर येत आहे. पण त्या लोखंडात आवाज तुटतो. डेस्कवर पोचला तो फक्त शेवटचा शब्द. आणि डेस्क आता मामांचं नव्हतं. पाळी सुटलेली, चारी बाजूंनी माणसं एकमेकांना 'येतो', 'चला, येतो' म्हणत निघालेली, आणि त्यात माझा आवाज: येते. सुपरवायझर म्हणाला, "हां, या." त्याला वाटलं, पोरगी कोपऱ्यापलीकडून बाहेर पडली आणि निरोप घेऊन बसकडे गेली.

मी निघणार तेवढ्यात कटर हातातून निसटून मांडणीखाली गेला. पातं उघडं होतं, तसं सोडून यायचं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून, टॉर्च तोंडात धरून शोधू लागले.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. जुळणीच्या लाइनवर माल संपला होता. प्रॉडक्शनचे साहेब स्टोअरमध्ये येऊन उभे राहिले. क्रेन का बंद? कुलूप आहे. कोणाचं? त्या नव्या इंजिनिअरचं. ती कुठे आहे? येते म्हणून गेली. मोबाइल लावला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. "बसमध्ये डुलकी लागली असेल. कुलूप विसरून गेली. कापा," साहेब म्हणाले. फिटर घुटमळला. "अरे, तिने स्वतः सांगितलं ना येते म्हणून? कापा."

मला आधी भोंगा ऐकू आला. क्रेन सुरू होण्याआधी तो वाजतो. मला वाटलं शेजारच्या गल्लीतला. मग माझ्या गुडघ्याखालचा रूळ थरथरला.

मी ओरडले. वॉकीटॉकीत ओरडले, त्यातून फक्त खरखर आली, मग नुसतीच ओरडले. मोटारीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? सुरू झाल्यावर क्रेन आधी गल्लीच्या टोकापर्यंत हळू जाते, आपली जागा तपासून घेते. टोकाला मी होते. पळायला मागे फक्त भिंत. खालचे खण मालाने गच्च भरलेले, बोट शिरत नव्हतं. बाजूला सरकावं तर क्रेनचं अंग आणि मांडणी यांच्यात तळहाताएवढी फट. क्रेनवर लाल बटण असतं, पण ते दुसऱ्या बाजूला. मी टॉर्च हलवला. तिचा सेन्सर बाजूच्या खणांतला माल बघतो, समोरचा रूळ नाही; तिला उजेडाशी काय देणंघेणं. ती हळूहळू येत राहिली. धावत आली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, खरंच वाटलं. मी भिंतीला पाठ लावली. त्या वेळी आई डोळ्यांपुढे आली वगैरे मी सांगणार नाही. लॉकरमधला डबा धुतला नाही, त्याला वास सुटेल, एवढंच मनात येत होतं, पुन्हा पुन्हा तेच.

मामा बसमध्ये होते. बस सुटण्याआधी मागच्या बाकापासून पुढपर्यंत सगळ्यांचे चेहरे बघायची त्यांची सवय. लोक वैतागायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरगी कुठं हाये?"

"येते म्हणाली ना मघाशी डेस्कवर," कोणीतरी म्हणालं. "गेली असंल रिक्षानं."

मामा उभे राहिले. त्यांनी त्या माणसाला पुन्हा विचारलं, "काय म्हणाली? शब्द सांग. जाते म्हणाली का येते?"

"येते."

तोवर बस हलली होती; चालत्या बसमधून ते उतरले. मामांना धावताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. स्टोअरमध्ये धावायला त्यांनीच मनाई केली होती. हेल्मेट बसमध्ये राहिलं. स्विचखाली माझं कुलूप कापून पडलेलं त्यांना दिसलं. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. डेस्कवरचं मोठं लाल बटण दाबलं. त्याने एक गल्ली नाही, सगळं स्टोअर थांबतं.

आत मोटारीचा आवाज खाली खाली येत बंद झाला. क्रेन माझ्यापासून हात लांब केला तर लागेल इतकी जवळ होती. ती का थांबली हे मला माहीत नव्हतं. पुन्हा निघेल का, हेही माहीत नव्हतं. मग लांबून माणसांचे आवाज आले, माझं नाव आलं. बाहेर ये, बाहेर ये. पण बाहेर यायला तिच्या पायावरूनच चढून जावं लागणार होतं. मी ओरडून विचारलं, कुलूप लावलंय का? लावलंय, लावलंय. मी तरी हलले नाही. शेवटी मी तिच्या थंड लोखंडाला हात लावला, चढले, पलीकडे उतरले आणि रुळाला धरून चालत राहिले.

बाहेर उजेडात सगळे उभे होते. सुपरवायझर जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मामा डेस्कपाशी, पंजा लाल बटणावर, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट घट्ट धरलेलं. ते बटण एकदा दाबलं की आपोआप दाबलेलंच राहतं. धरून ठेवावं लागत नाही. मला ते मामांनीच शिकवलं होतं.

"मामा, ती बघा आली," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सोडा आता."

मामांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं.

"बाहेर," मी म्हटलं.

ते रोज उलट म्हणायचे, तसं म्हणाले नाहीत. हात तिथेच होता. बोटं पांढरी झाली होती.

"आन् आत कोण हाये?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, मामा. मी एकटीच होते."

"बघितलंस नीट?"

मी मागे वळून गल्लीकडे बघितलं. मी आत्ताच तिथून आले होते. आत कोणी नाही हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत होते, मी फक्त हो म्हणायची खोटी होती.

"हात काढू नका, मामा," मी म्हटलं.